गळतं कुठे, ठिबकतं कुठे : टिनावरचा कूलर आणि पावसाचं पाणी

(हिंगणी, जि. वर्धा येथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने टिनाच्या गळतीवर बोलावं, याचं तुमच्यापैकी काहींना नवल वाटलं असेल. विषय माझ्याच निवडीचा आहे. मृग तोंडावर आला आहे, म्हणजे छताकडे लक्ष द्यायला आपल्या हातात फार दिवस नाहीत. आणि दुसरं असं की गळती शोधणं हे सगळं अनुमानाचं काम आहे. कार्य समोर दिसतं, कारण दिसत नाही. फरशीवर डबकं आहे, पण पाणी शिरलं कुठून हे ठाऊक नाही. तर्कशास्त्राच्या तासाला मी जे शिकवत आलो, त्याचा इतका स्वच्छ नमुना वर्गात कधी मिळाला नाही.

आपल्या भागातली छतं एका पिढीत बदलली. कवेलू गेले, टिना आल्या. घर, दुकान, सोयाबीन-तूर ठेवायची खोली, वाचनालय, मंगल कार्यालय, जिथे पाहाल तिथे टिन. आणि टिनाखाली मे महिन्यात बसवत नाही, म्हणून टिनावर डक्ट कूलर. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. लोखंडी स्टँडवर मोठा कूलर छतावर ठेवतात आणि थंड हवा पत्र्याच्या चौकोनी नळकांड्यातून खाली आणतात. त्या नळकांड्याला डक्ट म्हणतात. त्यासाठी छताला दीड-दोन फुटांचं चौकोनी भोक पाडावं लागतं. उन्हाळाभर त्या वाटेने गारवा येतो आणि जूनमध्ये पाणी येतं. मग कोणीतरी सिलिकॉनची नळी घेऊन वर चढतो, डक्टभोवती चारही बाजूंनी फासतो, खाली उतरतो. पुढच्या पावसात पुन्हा ठिबकतं.

असं का होतं, आणि काय केलं म्हणजे होणार नाही, एवढंच आज बोलायचं आहे.

कवेलूला गोंद कुठे होता?

आधी जुन्या छताकडे पाहू. १९३६ साली गांधीजी सेगावला राहायला आले. तेच आजचं सेवाग्राम. तिथली बापूकुटी तुम्ही सगळ्यांनी पाहिली असेल. माती, बांबू, लाकूड आणि वर कवेलू. त्या छतात गोंद, डांबर, सिलिकॉन काहीही नाही. कवेलूंच्या मधून फटी आहेत, वारा आत येतो, उजेडही येतो. तरी पावसात माणूस कोरडा बसतो.

कारण कवेलूचं छत पाण्याला अडवायला जात नाही. एक कवेलू उताणा, एक पालथा, आणि वरचा खालच्यावर चढलेला. पाणी आढ्यापासून वळचणीपर्यंत उतरत जातं. त्याला प्रत्येक ठिकाणी खाली जायची सोपी वाट दिलेली असते, त्यामुळे आत वळायचं त्याला कारणच उरत नाही. वांदरांनी चार कवेलू सरकवले की ही रचना बिघडते, म्हणून दरवर्षी पावसाआधी आपण कवेलू फेरत होतो. फेरणं म्हणजे रचना पुन्हा बसवणं.

टिनाचा नियम हाच आहे. वरचा पत्रा खालच्या पत्र्यावर निदान सहा इंच चढलेला हवा. बाजूचा पत्रा बाजूच्यावर. हुक बोल्ट पत्र्याच्या उंचवट्यावर, नाळीत नव्हे, कारण पाणी नाळीतून वाहतं. हा नियम पाळला तर वॉशर थोडा म्हातारा झाला तरी बरीच वर्षं निभतं.

आता या छतात कूलरसाठी भोक पाडा. डक्टच्या वरच्या अंगाला, म्हणजे आढ्याकडच्या बाजूला, किती पाणी येतं याचा हिशेब करा. डक्ट दोन फूट रुंद आहे आणि त्याच्या वर आढ्यापर्यंत बारा फूट पत्रा आहे असं धरू. चोवीस चौरस फूट म्हणजे सव्वादोन चौरस मीटरच्या आसपास. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर पाणी. पन्नास मिलिमीटर पाऊस झाला तर शंभराहून अधिक लिटर पाणी त्या डक्टच्या पाठीवर येऊन आदळतं. जुलै-ऑगस्टमध्ये एका दिवसात पन्नास मिलिमीटर पडणं आपल्याकडे नवलाचं नाही. एवढ्या पाण्यापुढे तुम्ही बोटभर जाडीची सिलिकॉनची रेघ उभी केली आहे. तिच्याकडून धरणाचं काम करून घेऊ नका.

त्यातून ती रेघ स्थिर पत्र्यावर बसलेली नाही. बारा फुटांचा लोखंडी पत्रा रात्रीच्या गारव्यातून दुपारच्या उन्हात गेला, तापमानात पंचेचाळीस अंशांचा फरक पडला, तर त्याची लांबी सुमारे दोन मिलिमीटर वाढते. संध्याकाळी तो पुन्हा आखडतो. हे रोज चालतं. वर कूलरचा पंखा थरथरत असतो. कडक होणारी कोणतीही लांबी तिथे तडकणारच.

गौतमांचे तीन आक्षेप

आता शोधाकडे येऊ. आपल्या न्यायदर्शनात अनुमानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यातला एक शेषवत्, म्हणजे कार्यावरून कारणाकडे जाणारं अनुमान. त्याचं परंपरेतलं उदाहरण पावसाचंच आहे. नदीला पूर आलेला दिसला की वरच्या अंगाला पाऊस झाला असं आपण समजतो. बोर नदीचं पाणी चढलेलं दिसलं की तुम्हीही हेच म्हणता.

पण न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात गौतमांनी या अनुमानावर प्रतिपक्षाचे तीन आक्षेप मांडले आहेत. ते मला फार आवडतात, कारण ते अगदी व्यवहारातले आहेत. पहिला आक्षेप रोधाचा. नदी चढली ती पावसाने नसेल, कुठेतरी प्रवाह अडला म्हणूनही पाणी चढलं असेल. दुसरा उपघाताचा. मुंग्या अंडी घेऊन निघाल्या की पाऊस येणार म्हणतात. पण कोणी त्यांचं वारूळ मोडलं म्हणूनही त्या निघाल्या असतील. तिसरा सादृश्याचा. मोराचा केकारव ऐकून पावसाची चाहूल घ्याल, पण आवाज मोराची नक्कल करणाऱ्या माणसाचा असला तर?

सिद्धान्त्याचं उत्तर असं की चूक अनुमानाची नाही, अर्धवट पाहणाऱ्याची आहे. पावसाने चढलेल्या नदीची खूण वेगळी असते. तिला वेग असतो, फेस असतो, ती पानं-फळं-काटक्या वाहून आणते. नुसतं चढलेलं पाणी पाहून थांबू नका, कसं चढलं आहे तेही पाहा.

हे तीन आक्षेप तुमच्या छतावर जसेच्या तसे लागू पडतात.

रोध म्हणजे अडलेलं पाणी. डक्टच्या वरच्या अंगाला कडुनिंबाचा पाला साचतो, त्यात धूळ बसते, बांध तयार होतो. पाणी पत्र्याच्या नाळीत चढतं आणि जोडावरून आत शिरतं. इथे भोक पडलेलंच नाही. पाला काढला की गळती थांबते, आणि सिलिकॉन कितीही लावलं तरी पाला असेपर्यंत थांबत नाही.

उपघात म्हणजे माणसाने केलेली इजा. कूलर बसवायला तीन-चार जण छतावर चढले. पाय आडव्या अँगलवर ठेवायचा सोडून मधल्या पत्र्यावर ठेवला, पत्रा चेपला, जोड उघडला. किंवा स्टँडचे पाय मोकळ्या पत्र्यावर आले. शंभर लिटरची टाकी भरली की नुसत्या पाण्याचंच वजन शंभर किलो, त्यावर कूलरचं वजन. पत्रा वाकतो आणि त्या खळग्यात पाणी उभं राहतं.

सादृश्य म्हणजे गळतीसारखं दिसणारं, पण गळती नसलेलं पाणी. कूलरचा फ्लोट अडकला, टाकी भरून वाहिली, पाणी डक्टमधून खाली आलं. किंवा थंडीतल्या पहाटे टिनाच्या आतल्या बाजूला दव धरलं आणि थेंब पडले. याला पावसाचा उपाय करून काय होणार?

म्हणून ठिबकलं की पहिला प्रश्न ‘कुठे?’ असा विचारू नका. आधी ‘केव्हा?’ विचारा. पाऊस नसताना, कूलर चालू असताना पाणी आलं का? मग टाकी, फ्लोट आणि पाइप पाहा. पाऊस सुरू होताच आलं का? मग भोक डक्टजवळ आणि सरळ आहे. अर्ध्या तासाने आलं, पाऊस थांबल्यावरही ठिबकत राहिलं? मग पाणी लांबून येतं आहे किंवा कुठेतरी साचतं आहे. फक्त वारा पश्चिमेकडून असतानाच येतं का? मग उताराच्या नियमाने बसलेला जोडही वारा उलटा फुगवतो आहे. नैयायिकांच्या भाषेत वारा हा इथे उपाधी आहे, म्हणजे तो असेल तरच कार्य घडतं. पाऊस आणि गळती यांची गाठ वाऱ्याशिवाय बसत नाही.

एका वाचनालयाची गोष्ट

एका गावातलं वाचनालय, गावाचं नाव सांगत नाही. वीस बाय तीसचा टिनाचा हॉल, वर डक्ट कूलर. पहिल्याच पावसाळ्यात डक्टच्या कडेने ठिबकायला लागलं आणि खाली नेमकं चरित्रांचं कपाट. समितीने मिस्त्रीला बोलावलं, त्याने डक्टभोवती सिलिकॉन मारलं. दुसऱ्या वर्षी पुन्हा गळलं, डांबर लावलं. मेच्या उन्हात ते पातळ होऊन ओघळलं. तिसऱ्या वर्षी वरून ताडपत्री बांधली, ती वावटळीत फाटली. तोवर दोन कप्पे पुस्तकांना बुरशी चढली होती. मिस्त्रीला लोक फसवा म्हणू लागले, त्याचे उरलेले पैसे कोणी दिले नाहीत. तो माणूस प्रामाणिक होता. ज्या जागी पाणी दिसत होतं, त्या जागी त्याने मनापासून काम केलं होतं.

पाणी शिरत होतं डक्टच्या चार फूट वर. स्टँडचा मागचा एक पाय बोल्टने पत्र्याला आवळला होता, आणि तो बोल्ट नाळीत मारला होता. पाणी त्या भोकातून आत यायचं, पत्र्याच्या पोटाला चिकटून उताराने यायचं, आडव्या अँगलला लागायचं, अँगलवरून सरकत डक्टच्या कोपऱ्यापाशी येऊन पडायचं. पाणी पत्र्याला चिकटून चालतं, आणि अँगल, जोड, वायर, बोल्टचं टोक असं काही आडवं आलं की तिथे थेंब सोडतं. थेंब पडतो ती जागा प्रवासाचा शेवट असते.

आणखी एक गोष्ट सापडली. सिलिकॉन चारही बाजूंनी मारल्यामुळे डक्टच्या खालच्या अंगाला पाण्याला बाहेर पडायची वाट उरली नव्हती. आधी जे थोडं पाणी पत्र्यावरून निघून जात होतं, तेही आत वळत होतं. दुरुस्तीनेच गळती वाढवली होती.

वर चढण्याआधी

शोधायला वर जायचं आहे, तर आधी जिवाचं बोलू. दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं गेल्याच्या बातम्या आपण वाचतो. कूलर लोखंडाचा, स्टँड लोखंडाचा, छत लोखंडाचं आणि सगळं ओलं. कूलरचं बटण बंद करून वर जाऊ नका. मेन स्विच बंद करा आणि तो कोणी चालू करणार नाही यासाठी खाली माणूस उभा करा. वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. तीस मिलिअँपिअरचं आरसीसीबी बोर्डावर बसवून घ्या. गळतीचा प्रवाह जाणवताच ते वीज तोडतं.

पाऊस पडत असताना, पत्रा ओला असताना वर जायचं नाही. सिमेंटच्या पत्र्यावर तर कधीच थेट पाय ठेवायचा नाही. तो वरून धडधाकट दिसतो आणि पायाखाली एकदम फुटतो. टिन असो की सिमेंट, अँगलच्या रेषेवर टेकेल अशी लांब फळी टाका आणि फळीवरूनच चाला. टिनाच्या गळतीपायी कोणाचं हाड मोडू नये.

शोधाची रीत

पहिली तपासणी खालूनच होते. भर दुपारी हॉलची दारं-खिडक्या बंद करा, पाच मिनिटं अंधारात डोळे सरावू द्या आणि वर पाहा. जिथे उजेडाचा ठिपका दिसेल तिथे भोक आहे, खडूने जवळच्या अँगलवर खूण करा. पण उजेड दिसला नाही म्हणून भोक नाही असं ठरवू नका. उजेड सरळ जातो, पाणी वळणं घेतं. दोन पत्र्यांच्या जोडात उजेड अडतो, पाणी अडत नाही. उलट दोन पत्रे अगदी चिकटून असले तर त्यांच्या मधल्या बारीक फटीत पाणी वरही ओढलं जातं, कंदिलाच्या वातीत रॉकेल चढतं तसं. उजेड दिसणं हा पुरावा आहे. न दिसणं हा पुरावा नाही. तर्कशास्त्रात हा भेद समजायला मुलांना एक सत्र लागतं, तुम्हाला एका दुपारी समजेल.

दुसरी तपासणी पाण्याची. दोन माणसं लागतात, एक वर, एक आत. छत पूर्ण कोरडं हवं. बागेला पाणी देतो तो पाइप घ्या, त्याच्या तोंडाला फवारा लावू नका. जोराचा मारा केला तर जिथे पावसाने कधी पाणी जाणार नाही तिथेही जाईल आणि शोध चुकेल. पाणी नुसतं वाहू द्यायचं.

सुरुवात खालून करायची. आधी डक्टच्या खालच्या बाजूच्या पत्र्यावर दहा-पंधरा मिनिटं पाणी सोडा. आतला माणूस बॅटरी घेऊन पाहील. काही आलं नाही तर डक्टची खालची कड, मग एक बाजू, मग दुसरी बाजू, मग वरची कड, मग स्टँडचे पाय, मग त्याच्या वरचा जोड, शेवटी आढं. सुरुवातच आढ्यापासून केली तर पाणी सगळ्या शंकांच्या जागांवरून एकदम वाहील आणि काहीच कळणार नाही. एका वेळी एकच जागा भिजवायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं. जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ साली तर्कशास्त्रावरच्या ग्रंथात कारण शोधायच्या रीती मांडल्या. त्यातली भेदाची रीत हीच. दोन प्रसंग सगळ्या बाबतींत सारखे, फरक एकाच गोष्टीचा, आणि कार्य एकात आहे, दुसऱ्यात नाही. मग कारण त्या फरकात शोधा.

आतल्या माणसासाठी एक युक्ती. संशयाच्या जागी अँगलवर आणि पत्र्याच्या पोटावर खडूच्या आडव्या रेघा मारून ठेवा. थेंब पडायच्या कितीतरी आधी पाण्याचा ओघळ रेघ भिजवून पुढे जातो. कोणती रेघ आधी ओली झाली ते पाहत वर वर गेलात की पाणी कुठून निघालं तिथे पोहोचता. पीओपीचं सिलिंग असेल तर हे दिसत नाही, म्हणून तिथे एक तुकडा काढावाच लागतो. पंख्याच्या हुकातून पाणी येतं म्हणजे हुकावर भोक आहे असं नाही. सिलिंगला तेवढंच भोक होतं, म्हणून पाणी तिथून आलं.

दुरुस्ती

कारण कळलं की दुरुस्ती बहुतेक वेळा साधी असते.

डक्टभोवती पत्र्याची पट्टी लागते, मिस्त्री तिला फ्लॅशिंग म्हणतात. ती कवेलूच्या नियमाने बसवायची. वरच्या अंगाची पट्टी वरच्या पत्र्याच्या खाली सरकवायची. बाजूच्या पट्ट्या उंचवट्यावर चढवायच्या. खालच्या अंगाची पट्टी खालच्या पत्र्याच्या वर ठेवायची. बहुतेक ठिकाणी वरची पट्टी पत्र्याच्या वर ठेवून सिलिकॉनने चिकटवलेली असते. तिथेच सगळं चुकतं. डक्ट दोन फुटांपेक्षा रुंद असेल तर त्याच्या पाठीशी पत्र्याचा छोटा दुपाखी तुकडा बसवा, म्हणजे येणारं पाणी दोन्ही बाजूंना फाकेल आणि पाला साचणार नाही.

स्टँडचे पाय अँगलच्या बरोबर वर आणा. पाय पत्र्यावर टेकवावे लागले तर खाली रबराचा जाड तुकडा आणि रुंद पट्टी द्या. नाळीत मारलेले बोल्ट काढा, त्या भोकांवर आतून-बाहेरून ब्युटाइल टेप लावून वर पत्र्याचा तुकडा रिव्हेट करा. नवे बोल्ट उंचवट्यावर, चांगल्या रबराच्या वॉशरसह. वॉशर इतकाच आवळायचा की तो थोडा फुगेल. चपटा झाला की तो संपला. कूलर आणि डक्ट यांच्या मध्ये कॅनव्हासचा तुकडा ठेवा, म्हणजे पंख्याची थरथर छतापर्यंत जाणार नाही.

सिलिकॉन वापरायचंच असेल तर शेवटी, जोडाला मदत म्हणून. जुनं खरवडून काढा, जागा पुसून कोरडी करा. धुळीवर आणि जुन्या सिलिकॉनवर नवं धरत नाही. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन जस्ताच्या पत्र्याला खातं, त्याऐवजी न्यूट्रल प्रकारचं मागा. आणि डक्टच्या खालच्या अंगाला दोन बोटं जागा मोकळी सोडा. आत आलेल्या पाण्याला बाहेर जायला वाट हवी.

टाकीचं पाणी पत्र्यावर सोडू नका. बोअरच्या पाण्यात क्षार असतात, रोज त्याच जागी ठिबकलं की पत्रा गंजतो आणि दोन वर्षांत खरोखरचं भोक पडतं. पाइप जोडून ते वळचणीच्या बाहेर न्या. पावसाळ्यात कूलर वापरत नसाल तर डक्टचं तोंड पत्र्याच्या झाकणाने बंद करा, कारण गवताच्या ताट्यांतून पाऊस आत येतोच.

गाडीच्या छतावरचा एसी

एका तरुण मित्राची चिठ्ठी आली आहे. बोरच्या जंगलाला २०१४ साली व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला, तेव्हापासून पर्यटकांची वर्दळ आहे. राज्याने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरणही आणलं. या मित्राने राहायची सोय असलेली गाडी घेतली आहे. तिच्या छतावर एसी आहे आणि पहिल्या पावसात एसीच्या जाळीतून पाणी आलं. सिलिकॉन मारू का, असं विचारलं आहे.

सर, इतक्यात मारू नका. अशा गाड्यांच्या छताला साधारण चौदा इंचांचं चौकोनी भोक असतं, वर एसी बसतो आणि मध्ये स्पंजसारखी जाड गॅस्केट असते. आतून चार लांब बोल्ट एसीला खाली ओढतात आणि गॅस्केट दबते. सुमारे इंचभर जाडीची गॅस्केट दबून अर्ध्या इंचाच्या आसपास यावी. रस्त्याच्या हादऱ्यांनी बोल्ट सैल होतात, काही वर्षांनी गॅस्केट मरते. बोल्ट सैल असतील तर चारही थोडे थोडे, तिरप्या जोडीने आवळा. गॅस्केट मेली असेल तर एसी उचलून नवी घाला. मेलेली गॅस्केट जास्त आवळून जिवंत होत नाही, उलट छत दबतं आणि एसीभोवती खळगा होतो.

त्याआधी गौतमांचे तीन प्रश्न विचारा. पाऊस नसताना, एसी चालू असताना पाणी येतं का? एसी हवेतली वाफ थंड करून तिचं पाणी करतो, ते खालच्या तबकातून छतावर निघून जायला भोकं असतात. त्यात पाला किंवा कुंभारणीच्या मातीचं घर अडकलं की पाणी आत येतं. हा रोध, आणि सादृश्यही. एसीभोवती बाहेरून सिलिकॉन फासलं तर हेच पाणी कोंडून आत येईल, म्हणून मारू नका म्हटलं. छत खचलं आहे का? तो उपघात.

आणि मुख्य गोष्ट. गाडीच्या छताला बाहेरचा पत्रा वेगळा, आतलं सिलिंग वेगळं. पाणी छतावरच्या दिव्यापाशी, अँटेनापाशी, पत्र्याच्या जोडापाशी शिरलं तरी दोघांच्या मधून फिरत येतं आणि सिलिंगला जिथे भोक आहे तिथून पडतं. ते भोक एसीचं. म्हणून आळ एसीवर येतो. गाडी उतारावर उभी करा आणि पाइपने एकेक जागा भिजवा, खालून वर. आळ खरा आहे की नाही ते अर्ध्या तासात कळेल.

मिस्त्री आणि आपण

शेवटचा मुद्दा पैशाचा आणि माणसांचा. आपण मिस्त्रीला बोलावतो तेव्हा म्हणतो, ‘भाऊ, इथे गळते, बंद करून द्या.’ जागा आपणच ठरवून दिलेली असते. तो तेवढंच करतो, आणि पुन्हा गळलं की दोष त्याचा. यंदा असं म्हणून पाहा : ‘भाऊ, पाणी इथे पडते. पश्चिमेचा वारा असला की पंधरा मिनिटांनी येते, वारा नसला तर येत नाही. कुठून येते ते आधी पाहू.’ शोधायच्या अर्ध्या दिवसाची मजुरी वेगळी ठरवा आणि द्या. दरवर्षीच्या डांबर-सिलिकॉनपेक्षा ती स्वस्त पडेल, आणि मिस्त्रीशी भांडण होणार नाही.

त्यासाठी दाराच्या आतल्या बाजूला एक वही लटकवून ठेवा. तारीख, वेळ, वारा कोणत्या बाजूचा, पाऊस सुरू झाल्यावर किती वेळाने पाणी आलं, कूलर चालू होता का. पाच रकाने. बचत गटाच्या बायांना हिशेबाची वही लिहायची सवय आहे, त्यांना हे काम जड नाही. दोन-तीन पावसांत त्या वहीतून जे कळेल, ते छतावर चढून कळत नाही.

मृगाला अजून थोडे दिवस आहेत. उद्या दुपारी ऊन आहे, तेव्हा आधी दारं-खिडक्या लावून अंधार करा आणि वर पाहा. मग मेन स्विच बंद करा, फळी टाका आणि डक्टच्या पाठीमागचा पाला काढा. त्यानेही थांबलं नाही तर पुढचं सगळं आज सांगितलंच आहे.

आता तुमचे प्रश्न घेऊ.